बँकेने ‘नाही’ म्हटल्यानंतर

गेल्या रमजानमधल्या पंधराव्या रोज्याची दुपार. तालुक्याच्या गावातला एक वेल्डर हातातली निळी फाईल घेऊन बँकेच्या पायऱ्या उतरला. फाईलमध्ये तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे पासबुक, दुकानाचा परवाना आणि घराच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. सोळा लाखांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. जवळ साडेचार लाख. बँकेकडे मागितले होते बारा लाख. इसार म्हणून पन्नास हजार आधीच दिलेले. काउंटरवरच्या साहेबांनी फाईल परत सरकवत एवढेच सांगितले, “तुमचं बसत नाही.”

का बसत नाही, हे त्याने विचारले नाही. साहेबांनी सांगितले नाही. इफ्तारला घरी पोहोचल्यावर खजूर हातात घेऊन तो बराच वेळ गप्प होता. बायकोने चेहरा पाहिला आणि समजली. पंचाहत्तरीतले अब्बा मात्र म्हणाले, “अच्छा हुआ. सूद के घर में मेरा रोजा नहीं खुलता.”

त्या एका संध्याकाळी त्या घरात दोन प्रश्न एकदम उभे राहिले. बँकेने नाकारले, आता घर कसे घ्यायचे? आणि बँकेने दिलेच, तर ते घ्यायचे का? पहिला प्रश्न गावातल्या कोणत्याही गल्लीतला आहे. रिक्षावाला, शिंपी, भाजीवाला, खासगी शाळेतला शिक्षक, ज्याच्या हाती पगाराची स्लिप नाही अशा प्रत्येकाचा. दुसरा प्रश्न त्या घरापुरता होता. या वेल्डरने दोन्हींची उत्तरे शोधण्यात एक वर्ष घालवले. नाव छापू नये, एवढीच त्याची विनंती आहे.

पहिले दोन रस्ते

नकाराची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी एक एजंट दुकानावर आला. “फाईल माझ्याकडे द्या, पास करून देतो. तीन टक्के.” बारा लाखांचे तीन टक्के म्हणजे छत्तीस हजार, तेही आधी. त्यानंतर एक ओळखीचा सावकार भेटला. लाखाला महिना तीन हजार. ऐकायला तीन टक्के वाटतात. वर्षाला ते छत्तीस होतात, आणि मुद्दल जागचे हलत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. पण अडलेला माणूस परवाना विचारत नाही, हे सावकारालाही ठाऊक असते.

वेल्डर दोघांनाही हो म्हणाला नाही. त्याला थांबवले ते त्याच्या मुलीने. बारावी कॉमर्सला असलेल्या त्या मुलीने एकच प्रश्न विचारला, “अब्बू, बँकेनं कारण काय दिलं?”

कारण मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे. कर्ज कितीही रकमेचे असो, अर्ज नाकारला तर त्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००७ पासून बँकांना सांगितले आहे. कर्ज देताना लिंग, जात, धर्म यावरून भेदभाव करू नये, हेही त्याच नियमावलीत आहे. मुलीने साध्या कागदावर अर्ज लिहिला. वेल्डरने तो बँकेत देऊन पोच घेतली. बँकेने दाद दिली नसती, तर महिनाभर वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता आली असती. कर्ज द्याच, असा आदेश लोकपाल देत नाही. कर्ज द्यायचे की नाही, हा निर्णय बँकेचाच. पण कारण दडवणे ही सेवेतली त्रुटी, आणि तिची दाद तिथे मागता येते.

इथे ती वेळ आली नाही. बाराव्या दिवशी पत्र आले. त्यात एकच ओळ होती. पतमाहिती अहवाल समाधानकारक नाही.

जामिनाची सही

ज्याला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, तो अहवाल देशात चार कंपन्या ठेवतात. सिबिल ही त्यातली एक. गुण ३०० ते ९०० यांमध्ये मोजले जातात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. शंभर-दोनशे रुपये घेऊन तो काढून देणारी दुकाने गावोगाव आहेत, पण मोबाईलवर तो स्वतःलाही काढता येतो. मुलीने काढला. गुण होते ६१२.

अहवालात दोन नोंदी अशा निघाल्या, की वेल्डर चक्रावलाच. पहिली नोंद एका मोबाईलच्या कर्जाची. असा मोबाईल त्याने कधी घेतलाच नव्हता. शेजारच्या जिल्ह्यातल्या, त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचे कर्ज त्याच्या खात्यावर चढले होते. मुस्लिम कुटुंबांत हा घोळ नवा नाही. ठरावीक नावे, ठरावीक आडनावे. आधारवर ‘शेख’ आधी, पॅनवर नंतर. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. इंग्रजीत एकाच नावाची चार स्पेलिंगे. देशमुख-पाटलांच्या गावांतही एका नावाचे चार जण असतातच. नावातला हा गोंधळ यंत्राला कळत नाही.

अशी चूक दिसली तर संबंधित कंपनीकडे ऑनलाइन हरकत घेता येते. ती तीस दिवसांत निकाली काढावी लागते. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून लागू आहे. ही नोंद चोविसाव्या दिवशी निघाली.

दुसरी नोंद मात्र खरी होती. पाच वर्षांपूर्वी एका मित्राने सहकारी बँकेतून टेम्पोसाठी कर्ज काढले, तेव्हा वेल्डर जामीन राहिला होता. दोघे एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. मित्र विठ्ठलाचा वारकरी, हा पाच वक्ताचा नमाजी. “सही कर,” तो म्हणाला, याने केली. पुढे टेम्पोचा अपघात झाला, हप्ते तुंबले, बँकेने टेम्पो ओढून नेला. विकून आलेल्या पैशांत कर्ज पुरते फिटले नाही. ४७ हजार बाकी राहिले. बँकेच्या नोटिसा मित्राच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. लाजेपायी त्याने याला कधी सांगितलेच नाही.

जामीन म्हणजे साक्षीदार नव्हे, हे आपल्याकडे फार उशिरा कळते. कायद्याने जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो, आणि थकबाकी त्याच्याही अहवालात उमटते.

वेल्डर चिडला. दोन दिवस मित्राचा फोन घेतला नाही. मग मशिदीत, तरावीहच्या आधीच्या बयानात, त्याने एक प्रसंग ऐकला. हदीसच्या ग्रंथांतला तो प्रसिद्ध प्रसंग आहे. एकाचा जनाजा नमाजसाठी आणला गेला. त्याच्यावर कर्ज आहे का, असे पैगंबरांनी विचारले. आहे, असे कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितले. तेव्हा अबू कतादा नावाचे सहाबी पुढे आले आणि ते कर्ज आपल्यावर घेतो, असे म्हणाले. मग पैगंबरांनी नमाज पढवली. कर्जाचे ओझे किती, हे सांगणारा हा प्रसंग. जामीन राहण्याचा अर्थ काय, हेही तोच सांगतो.

ईदनंतरच्या आठवड्यात वेल्डरने ४७ हजार भरले. भरताना त्याने एक गोष्ट मुलीच्या सांगण्यावरून केली. बँकेने सुचवलेली ‘सेटलमेंट’ घेतली नाही. तडजोडीत काही हजार वाचले असते, पण अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, आणि पुढच्या बँकेला तो पूर्ण न फेडलेल्या कर्जासारखाच दिसतो. पूर्ण रक्कम भरून त्याने ‘बंद’ अशी नोंद आणि ना-हरकत दाखला घेतला.

कागदांची अडचण

या वेल्डरचा अडथळा पतमाहितीचा होता. गावात कितीतरी जणांचा अडथळा कागदांचा असतो. त्यांना पगार असतो, गुणही चांगले असतात, तरी बँकेचा वकील मान हलवतो.

सर्वांत मोठा भरणा गुंठेवारीचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, साध्या स्टँप पेपरवर नोटरी करून विकलेले प्लॉट. सातबाऱ्यावर वीस नावे, मोजणी नाही, बिगरशेती परवाना नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही. त्याला उपाय आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने वाढली, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करून घेण्याची वाट खुली झाली. नियमितीकरणाचा दाखला हाती आला, की तीच जागा तारण म्हणून उभी राहू शकते.

दुसरी अडचण वाटणीची. वडिलांचे घर, चार भाऊ, तीन बहिणी, आणि मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव. मुस्लिम वारसा कायद्यात मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क आला. दोन्हींकडे प्रत्यक्षात एकच घडते. बहिणीला विचारलेच जात नाही. मग तीस वर्षांच्या कागदांचा शोध घेणारा बँकेचा वकील विचारतो, बहिणींची हक्कसोडपत्रे कुठे आहेत? त्या वेळी धावत जाऊन सही मागण्यापेक्षा आधीच तिचा हिस्सा देणे किंवा तिच्या राजीखुशीने नोंदणीकृत कागद करणे सोपे. रमजानमध्ये जकातीचा पैसा-पैसा मोजणाऱ्या घरांनी हा हिशोबही एकदा मांडायला हरकत नाही.

तिसरी अडचण हिब्याची. मुस्लिम कायद्यात तोंडी दानही चालते. देणाऱ्याचा इरादा, घेणाऱ्याची मान्यता आणि ताबा एवढे पुरते. कोर्टात ते टिकतेही. पण बँकेच्या काउंटरवर तोंडी शब्द तारण ठेवता येत नाही. ज्याला पुढे कर्ज काढायचे आहे, त्याने दानपत्र नोंदवलेलेच बरे.

आणि एक अडचण अशी, जी कोणत्याच पत्रात लिहून येत नाही. पत्ता. काही वस्त्यांना बँका आतल्या आत ‘निगेटिव्ह’ ठरवतात, ही गोष्ट २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेच नोंदवली आहे. हा शिक्का फक्त मुस्लिम मोहल्ल्यांवरच बसतो असे नाही. झोपडपट्ट्यांनाही तोच अनुभव. म्हणूनच लेखी कारण मागणे महत्त्वाचे. पत्ता हे कारण कागदावर लिहिणे कोणत्याही साहेबाला जड जाते.

व्याजाचा प्रश्न

कागद सुधारले तरी अब्बांचा प्रश्न उरलाच होता. इस्लाममध्ये व्याजाला, म्हणजे रिबाला, मनाई आहे. पैशाने पैसा वाढवू नये. व्यापार करावा, भाडे घ्यावे, नफा-तोट्यात भागी व्हावे, असा त्यामागचा विचार. ब्रिटन, मलेशिया, आखाती देश अशा ठिकाणी यावर घरासाठीची वेगळी पद्धत चालते. बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात. बँकेच्या हिश्शाचे ग्राहक भाडे देतो आणि दर महिन्याला तो हिस्सा थोडा थोडा विकत घेत जातो. शेवटी घर पूर्ण त्याचे होते.

भारतात ही सोय बँकांमध्ये नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. त्यावर बराच विचार झाला आणि हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. काही बिनव्याजी पतसंस्था चालतात, पण त्यांची कर्जे लहान असतात. दुकानाचा माल, दवाखाना, शाळेची फी. घराएवढे बळ त्यांच्यात नसते. आणि ‘हलाल नफा’ म्हणून दरमहा मोठा परतावा देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे, हे २०१९ मध्ये बंगळुरूत बुडालेल्या हजारो कुटुंबांनी शिकवले आहे. धर्माचे नाव पाटीवर लावले म्हणून हिशोब स्वच्छ होत नाही.

उलेमांमध्येही यावर एकमत नाही. बहुतेकांच्या मते व्याजी गृहकर्ज नाजायजच. युरोपातल्या फतवा परिषदेने १९९९ मध्ये तिथल्या मुस्लिमांना, दुसरा मार्ग नसल्यास, राहण्याच्या पहिल्या घरापुरती मुभा दिली. त्या मतालाही विरोध झाला. वेल्डरने गावातल्या मौलानांना विचारले. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते म्हणाले, “आधी बिनव्याजी जेवढं उभं राहतं तेवढं उभं कर. मग उरलेल्याचा विचार कर. गरज किती आणि हौस किती, हे तुझं तुलाच ठाऊक.”

बाराचे आठ झाले

त्या वाक्यावर घर कामाला लागले. साडेचार लाखांतले ४७ हजार जामिनात गेले होते. चार लाख उरले. नाशिकच्या मामूंनी दोन लाख कर्ज-ए-हसना म्हणून दिले. म्हणजे बिनव्याजी, जेवढे दिले तेवढेच परत. मामू-भाच्याचे नाते असूनही कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मामूंनीच आठवण करून दिले. नात्यात कागद नको म्हणणाऱ्यांची नाती पुढे कोर्टात दिसतात.

बायकोने गल्लीतली भिशी धरली होती. पंधरा बायका, महिन्याला पाच हजार. त्यात जोशीकाकू आहेत, तांबोळीभाभी आहेत, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आहे. नवव्या महिन्यात तिचा नंबर लागला, पंचाहत्तर हजार आले. पुढचे सहा हप्ते भरायचे होतेच. बाकी सव्वा लाख तिने स्वतःचे दागिने मोडून दिले. दागिना बायकोचा, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, हे वेल्डरला माहीत होते. म्हणून घर तिच्याच नावावर घ्यायचे ठरले. त्यात आणखी एक फायदा निघाला. महाराष्ट्रात घर केवळ महिलेच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सोळा लाखांवर ते सोळा हजार होतात.

सोळापैकी आठ लाख असे उभे राहिले. कर्ज बारावरून आठवर आले.

मधल्या काळात एका गृहवित्त कंपनीने हिरवा कंदील दाखवला होता. या कंपन्या पगाराच्या स्लिपशिवायही कर्ज देतात. माणूस दुकानावर येतो, गिऱ्हाईक मोजतो, वह्या पाहतो, फोनवर आलेल्या पैशांचे मेसेज पाहतो. पण दर चढा. साडेबारा टक्क्यांनी आठ लाखांचा पंधरा वर्षांचा हप्ता येतो ९,८६० रुपये. तेच कर्ज नऊ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता ८,११४. महिन्याचा फरक १,७४६; पंधरा वर्षांत तीन लाखांहून जास्त. ज्याला थांबणे शक्य नाही त्याने हा रस्ता घ्यावा, वर्ष-दोन वर्षे हप्ते वेळेवर भरावेत आणि मग कर्ज स्वस्त बँकेकडे हलवावे. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. सही करण्याआधी ‘मुख्य तथ्य पत्रक’ मागून घ्यावे. सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात छापलेले असते. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे.

वेल्डरने थांबायचे ठरवले. पण विकणारा थांबणार का? फ्लॅटचे मालक निवृत्त गुरुजी. त्यांनी सरळ सांगितले, “आणखी पन्नास हजार इसार द्या, दिवाळीपर्यंत दुसऱ्याला दाखवत नाही.” दिले. नवा करारनामा केला, तारीख लिहिली.

दसऱ्याच्या सुमारास अहवाल पुन्हा काढला. गुण ७१८. दुसऱ्या एका सरकारी बँकेत फाईल गेली. या वेळी अर्ज बायकोच्या नावाने, नवरा सहकर्जदार, तिच्या शिलाईच्या कामाचीही वही जोडलेली. सोबत पंतप्रधान आवास योजनेचा शहरी अर्ज. सप्टेंबर २०२४ पासूनच्या या टप्प्यात नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर व्याजात सवलत आहे. ती जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच हप्त्यांत. बँकेचा माणूस दुकान पाहून गेला. वकिलाचा शोध झाला. दिवाळीच्या चार दिवस आधी मंजुरीचे पत्र आले. दर नऊ टक्के.

या रमजानला

यंदाचा रमजान त्या दोन खोल्यांत आहे. पूर्वी भाडे साडेसहा हजार जात होते, आता हप्ता आठ हजारांच्या वर जातो. जास्तीचे दीड-दोन हजार काढण्यासाठी वेल्डर आठवड्यातले दोन दिवस उशिरापर्यंत दुकान चालू ठेवतो. वर्षाअखेरीस हाती काही उरले तर ते मुद्दलात टाकायचे, म्हणजे पंधराची दहा वर्षे होतील, असा मुलीचा हिशोब भिंतीवर चिकटवलेला आहे.

टेम्पोवाला मित्र दर महिन्याच्या दहा तारखेला दोन हजार आणून देतो. एकदा त्याला चुकले. वेल्डरने विचारले नाही. अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत द्यावी, ही शिकवण वेल्डरने लहानपणापासून ऐकलेली; ती पाळायची वेळ पहिल्यांदाच आली. पुढच्या महिन्यात मित्राने चार हजार आणले.

अब्बांचे मत बदललेले नाही. ते नव्या घरी राहायला आले ते नातीच्या हट्टामुळे. पहिल्या रोज्याला अजान झाली तेव्हा सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडे होते. त्यांनी दस्तरखानावर बसून खजूर उचलला, क्षणभर हातात धरला, आणि म्हणाले, “हिसाब तेरा है बेटा, तू देगा. मैं दुआ करूंगा जल्दी फिटे.”

मग त्यांनी रोजा सोडला.